सुधारलेल्या चोपण जमिनीतला गहू: नत्राच्या शिफारशीचे वय

प्रश्नाचा आवाका

हरियाणात कर्नाल-कैथलचा पट्टा, पंजाबात पतियाळा-संगरूरकडचा भाग आणि उत्तर प्रदेशातले ऊसर म्हणून ओळखले जाणारे प्रदेश, इथे गेल्या पन्नास वर्षांत लाखो हेक्टर पडीक चोपण जमीन लागवडीखाली आली. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या हिशेबाने देशभरात अशी सुधारलेली जमीन सुमारे २० लाख हेक्टर भरते. खरिपात भात आणि रब्बीत गहू हा तिथला ठरलेला क्रम. या गव्हाला नत्र किती द्यायचे याचा आकडाही रूढ झाला आहे. चांगल्या जमिनीत हेक्टरी १२० किलो आणि सुधारलेल्या चोपण जमिनीत १५० किलो, म्हणजे पंचवीस टक्के जास्त.

हे जादा तीस किलो कुठून आले, ते अजून लागतात का, आणि लागत असतील तर कोणत्या शेतात, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. काहींच्या मते आकडा योग्यच आहे. काहींना वाटते की मात्रा वाढवण्यापेक्षा ती देण्याची वेळ आणि रीत बदलावी. सेंद्रिय खतांची जोड दिली तर जादा मात्रेची गरजच पडत नाही, असे म्हणणाराही मोठा गट आहे. या सगळ्या बाजू क्रमाने पाहायच्या आहेत.

आधी 'सुधारलेली जमीन' म्हणजे कोणती हे सांगायला हवे, कारण जगभर हा शब्द वेगवेगळ्या जमिनींना लावतात. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला नुबारिया भागात वाळवंटी, चुनखडीयुक्त रेताड जमिनी ओलिताखाली आणल्या, त्यांनाही हेच नाव आहे. तिथे नत्र पाण्याबरोबर खाली वाहून जाते, म्हणून ठिबकमधून थोडे थोडे खत देण्यावर भर असतो. आपल्याकडच्या चोपण जमिनीचे दुखणे जवळजवळ उलटे आहे. तिच्यात पाणी मुरतच नाही. तिसरा प्रकार क्षारपड जमिनीचा. तिथे मीठ धुऊन काढायचे आणि भूमिगत निचऱ्याने बाहेर घालवायचे असते. या लेखात मुख्य विचार चोपण जमिनीचा आहे, क्षारपड जमीन ओघाने येईल.

मागे वळून पाहताना

कालव्याच्या पाण्याने जमीन बिघडते ही तक्रार जुनी आहे. पश्चिम यमुना कालव्याच्या आणि अलीगढच्या परिसरात जमिनीवर पांढरा रेह फुटू लागला, तेव्हा १८७६मध्ये त्यासाठी सरकारी समिती नेमली गेली. दक्षिणेत नीरा डावा कालवा १८८५मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत बारामतीकडच्या शेतांत मीठफुटी दिसू लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१०मध्ये पुस्तिका लिहिली. या विषयावरचे महाराष्ट्रातले हे आरंभीचे मोठे काम.

चोपण आणि क्षारपड यांतला भेद आकड्यांत बांधला तो अमेरिकेच्या लवणता प्रयोगशाळेने, १९५४च्या हस्तपुस्तिकेत. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण, ही रेघ तिथे ठरली. ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. काळ्या जमिनींच्या बाबतीत या रेघेवर वाद आहे, तो पुढे येईल.

कर्नालची संस्था १९६९मध्ये उभी राहिली. तिथे जी रीत घडली ती थोडक्यात अशी: बांधबंदिस्ती करून रान सपाट करायचे, वरच्या १५ सेंटिमीटर थराच्या गरजेच्या निम्मे जिप्सम, म्हणजे साधारण हेक्टरी १० ते १५ टन, वरच्या थरात मिसळायचे, काही दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि पहिले पीक भाताचे घ्यायचे. भाताला उभे पाणी आणि सोडियम दोन्ही सोसते. त्याच्या मुळांतून सुटणाऱ्या कर्बवायूने जमिनीतला चुनाही थोडा विरघळतो आणि कॅल्शियम मोकळे होते. त्याच हंगामाच्या मागे गहू. हरियाणाने १९७४मध्ये भूमी सुधारणेसाठी महामंडळ काढले, तर उत्तर प्रदेशात १९९३पासून जागतिक बँकेच्या मदतीने ऊसर सुधारणेचा मोठा प्रकल्प चालला. नत्राची शिफारस या प्रकल्पांबरोबर गावोगाव पोहोचली.

नत्र जाते कुठे

कच्च्या, म्हणजे अजून न सुधारलेल्या, चोपण जमिनीचा सामू (पीएच) १०च्या वर असतो. सेंद्रिय कर्ब फारच थोडा, कारण वर्षानुवर्षे तिथे काही उगवलेलेच नसते. कर्ब नाही म्हणजे जमिनीचे स्वतःचे नत्रही नाही. चांगल्या जमिनीत गव्हाच्या नत्राचा मोठा वाटा मातीतल्या सेंद्रिय पदार्थांच्या कुजण्यातून मिळतो. इथे जवळजवळ सगळा भार पोत्यातल्या खतावर पडतो. जादा मात्रेचे हे पहिले आणि माझ्या मते सर्वांत भक्कम कारण आहे.

दुसरे कारण अमोनियाच्या उडून जाण्याचे. युरिया जमिनीत पडला की युरिएज विकराने त्याचे अमोनियम होते. अमोनियमचा किती हिस्सा अमोनिया वायूच्या रूपात असेल हे सामूवर अवलंबून आहे. २५ अंश तापमानाला सामू ८.२५ असेल तर जेमतेम नऊ टक्के, ९.२५ असेल तर निम्मा, १० असेल तर पाचातल्या चार भागांहून थोडे अधिक. कच्च्या चोपण जमिनीत युरिएजच कमी असल्याने युरियाचे रूपांतर सावकाश होते, पण एकदा ते झाले की वायू धरून ठेवायला तिथे फारसे काही नसते. उभ्या पाण्यातल्या भातात दिलेल्या नत्राचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा असा उडून गेल्याच्या नोंदी आहेत.

इथे एक गोष्ट नीट तपासून घ्यायला हवी. हे मोठे आकडे भाताचे आहेत, जून-जुलैच्या उन्हातले आणि उभ्या पाण्यातले. गहू नोव्हेंबरात पेरतात आणि त्याला वरखत डिसेंबर-जानेवारीत मिळते. सामू ९ धरला तर ३० अंशांना अमोनियाचा हिस्सा सुमारे ४५ टक्के असतो, १० अंशांना तो १६ टक्क्यांवर येतो. थंडीत युरियाचे विघटनही मंदावते. म्हणून भातातल्या हानीचे प्रमाण जसेच्या तसे गव्हाला लावणे बरोबर नाही. तरीही चर्चेत हे दोन्ही आकडे वारंवार एकत्र होतात आणि गव्हाची गरज आहे त्यापेक्षा मोठी वाटू लागते.

तिसरे कारण विनायट्रीकरणाचे. चोपण जमिनीत ओलितानंतर पाणी दोन-दोन, तीन-तीन दिवस साचून राहते. मुळांभोवतीचा प्राणवायू संपतो, नायट्रेटवर जगणारे जिवाणू त्याचा नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड करून सोडतात. शेतकऱ्याला दिसते ते एवढेच की पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडला. ते पिवळेपण नत्राच्या कमतरतेचे, मुळे गुदमरल्याचे, की जस्त-लोहाच्या अभावाचे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते.

जमीन जसजशी सुधारते तसतशा नत्र जाण्याच्या या वाटा बदलतात. सामू ८.५च्या आसपास आला की अमोनियाची हानी घटते. माती मोकळी झाली की पाणी मुरते आणि साचणे कमी होते, पण त्याच पाण्याबरोबर नायट्रेट खाली जाऊ लागते. सुरुवातीला हवेत जाणारे नत्र पुढे भूजलाकडे वळते. या जमिनीतल्या नत्राविषयी बोलताना 'हानी' हा एकच शब्द वापरला, तर जमिनीच्या वयाबरोबर होणारा हा पालट झाकला जातो.

मात्रा: १२० की १५०

जादा मात्रेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे शेतावरचे पुरावे आहेत. जिप्सम टाकल्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गव्हाचे उत्पादन १२० किलोंवर थांबत नाही, पुढेही वाढत राहते. कर्ब कमी, मुळे उथळ, फुटवे थोडे, अशा पिकाला सुरुवातीला जोर मिळाला नाही तर पुढे भरपाई होत नाही, असे त्यांचे म्हणणे. जस्ताची जोड मात्र ते आवर्जून सांगतात. झिंक सल्फेट नसेल तर जादा नत्राचा उपयोग होत नाही, हे कर्नालच्या प्रयोगांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे.

दुसरी बाजू आकडा नाकारत नाही, त्याची मुदत विचारते. या ठिकाणी स्फुरदाची तुलना उद्बोधक आहे. कच्च्या चोपण जमिनीत सोडियम कार्बोनेटमुळे स्फुरद विरघळलेल्या रूपात भरपूर असते. म्हणून सुधारणेनंतरची पहिली चार-पाच वर्षे स्फुरद देऊ नये आणि पुढे माती तपासून द्यावे, अशी शिफारस आहे. कर्नालला १९७४पासून चाललेल्या दीर्घकालीन प्रयोगातून ती आली आणि तिच्यात वर्षांचा हिशेब आहे. नत्राच्या शिफारशीत बहुतेकदा तो नसतो. 'सुरुवातीची काही वर्षे' असे कुठे कुठे लिहिलेले सापडते, पण किती वर्षे हे सांगितलेले नसते, आणि गावापर्यंत पोहोचेतो तेवढे शब्दही गळतात. तिसऱ्या वर्षीच्या रानाला आणि तिसाव्या वर्षीच्या रानाला तोच १५०चा आकडा लागू होतो. या वादातली सर्वांत मोठी उणीव मला इथे दिसते.

आकडा टिकून राहण्याला पैशाचीही बाजू आहे. ४५ किलोंचे युरियाचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात नत्र सुमारे २०.७ किलो, म्हणजे किलोला तेरा रुपयांच्या आत. जादा तीस किलो नत्राचा हेक्टरी खर्च चारशे रुपयांहून कमी येतो. अर्धा क्विंटल गहू जास्त झाला तरी तो निघतो. शेतकऱ्याने त्यात बचत करावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणूनच अवघड जाते. खरा खर्च अनुदानात, भूजलात आणि हवेत मोजला जातो, तो त्याच्या वहीत येत नाही.

क्षारपड जमिनीत हा वाद थोडा निराळा होतो. जगभरच्या चाचण्यांचा कौल असा की क्षारता सौम्य ते मध्यम असेल तोवर गहू नत्राला प्रतिसाद देतो, ती वाढली की प्रतिसाद सपाट होतो. गहू तसा सोशीक आहे. मास आणि हॉफमन यांनी १९७७मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध तक्त्यात मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ६ डेसिसायमन प्रति मीटर होईपर्यंत गव्हाचे उत्पादन घटत नाही, पुढे प्रत्येक एककाला सात टक्क्यांच्या आसपास घट येते. मीठच आड येत असेल तर नत्र वाढवून काही साधत नाही. क्लोराइड आणि नायट्रेट मुळाशी एकमेकांना अडवतात, तेव्हा जादा नायट्रेटने क्लोराइडचे शोषण कमी होईल असे काही संशोधक मानतात. प्रयोगशाळेत ते दिसते, शेतात मात्र नेहमी दिसत नाही.

हप्ते आणि पाणी

मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची, असे मानणाऱ्यांचा आधार १९७०च्या दशकातल्या कर्नालच्या कामात आहे. निम्मे नत्र पेरणीला आणि उरलेले दोन सारख्या हप्त्यांत, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, ही रीत तिथे सर्वांत चांगली ठरली. तिसऱ्या आठवड्यात गव्हाची मुकुटमुळे फुटतात, सहाव्यात फुटवे भरात असतात. महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला निम्मे पेरताना आणि निम्मे तीन आठवड्यांनी असे दोनच हप्ते सांगतात. चोपण जमिनीत तिसरा हप्ता वाढवण्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे: एका वेळी जमिनीत जितके कमी नत्र मोकळे असेल तितके कमी वाया जाईल.

पेरणीच्या वेळच्या निम्म्या मात्रेबद्दल मात्र मतभेद आहेत. मुळे आलेलीच नसताना ७५ किलो नत्र कशासाठी, असे काही जण विचारतात. पहिला हप्ता तिसऱ्या हिश्श्यावर आणावा असे ते सुचवतात. जुन्या रीतीचे समर्थक म्हणतात, या जमिनीत स्वतःचे नत्र नसल्याने रोपाला सुरुवातीला दुसरा आधारच नाही. जमिनीत कर्ब किती आहे ते माहीत असेल तर दोघांचेही बरोबर असू शकते. कर्ब वाढलेल्या जुन्या सुधारित रानात पहिला हप्ता कमी करता यावा. नव्या रानात ते धोक्याचे.

युरिया पाण्याआधी टाकायचा की नंतर, हा दुसरा वाद, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा. पंजाबातल्या मोकळ्या जमिनींवरच्या कामातून असे दिसले की ओलिताच्या आधी टाकलेला युरिया पाण्याबरोबर मातीत उतरतो आणि अमोनियाच्या हानीतून वाचतो. पाणी मुरणाऱ्या जमिनीत हे पटते. चोपण जमिनीत पाणी वर थांबते, युरिया त्यात विरघळून तिथेच राहतो, आणि वर सामू जास्त. म्हणून बरेच शेतकरी पाणी दिल्यावर वाफसा येण्याची वाट पाहतात आणि ओल्या रानात युरिया फोकतात. मग तो पृष्ठभागावर पडून राहतो आणि पुढच्या पाण्यापर्यंत उघडा असतो. दोन्हींत तोटा आहे. कोणता मोठा, हे पाणी किती वेळात मुरते यावर ठरावे. साचलेले पाणी काही तासांत जिरत असेल तर आधी, दिवसभर उभे राहत असेल तर वाफशावर, अशी विभागणी वाजवी वाटते. हलके पाणी, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरच्या आत, या मुद्द्यावर मात्र दोन्ही बाजू एक आहेत.

युरिया पाभरीने पेरून मातीआड करणे हा पेरणीच्या हप्त्यापुरता उत्तम उपाय. उभ्या पिकात ते जमत नाही.

धैंचा, शेणखत, मळी

सेंद्रिय बाजूचा युक्तिवाद असा की चोपण जमिनीचा मूळ आजार कर्बाचा दुष्काळ आहे आणि पोत्यातले नत्र त्यावर उपाय नाही. भातापूर्वी धैंचाचे ४५ ते ६० दिवसांचे हिरवळीचे पीक गाडले तर हेक्टरी ६० ते १०० किलोंच्या आसपास नत्र जमिनीत जाते. धैंचा कुजताना सुटणारा कर्बवायू चुना विरघळवतो, कॅल्शियम सुटते, सामू उतरतो. खत आणि भूसुधारक अशी दोन्ही कामे एकच पीक करते. कर्नालला सुधारलेल्या चोपण जमिनीवर झालेल्या भात-गव्हाच्या चाचण्यांत रासायनिक खताच्या काही भागाची जागा हिरवळीचे खत किंवा शेणखत घेऊ शकते असे दिसले. पुढे मातीतला कर्बही वाढला.

अडचण गव्हाच्या वाट्याची आहे. धैंचाचे नत्र बहुतांशी भातच घेतो. गव्हाला उरते ते थोडे, आणि थंडीत कुजण्याचा वेग कमी असल्याने उशिरा मिळणारे. शेणखताचा मागचा परिणाम गव्हावर जास्त दिसतो, पण दर वर्षी हेक्टरी दहा-पंधरा टन शेणखत किती जणांकडे असते? साखर कारखान्याची मळी जिथे मिळते तिथे ती चांगला पर्याय आहे. भाताचा पेंढा न जाळता रानातच ठेवला तर कर्ब मिळतो, पण पेंढा कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतले नत्र स्वतःकडे ओढतात. पेंढ्यावर पडलेला युरियाही लवकर फुटतो, कारण पेंढ्यात युरिएज भरपूर असते. पेंढा ठेवणाऱ्यांनी नत्र पहिली काही वर्षे वाढवावे की नुसते खोल द्यावे, यावर चाचण्या चालू आहेत.

जिप्समचा नत्राशी थेट संबंध आहे, तोही इथे सांगायला हवा. युरियापासून तयार होणाऱ्या अमोनियम कार्बोनेटशी जिप्समची क्रिया झाली की चुना आणि अमोनियम सल्फेट तयार होते आणि अमोनिया उडणे कमी होते. म्हणजे पहिल्या वर्षी टाकलेले जिप्सम काही प्रमाणात नत्राचेही रक्षण करत असते. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी म्हणून चोपण जमिनीला नेहमीच चांगले, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. मातीत मोकळा चुना असेल तर उलटी क्रिया होऊन अमोनियाची हानी वाढू शकते.

नवी खते

२०१५पासून देशात तयार होणारा जवळजवळ सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. निंबोळीतले घटक अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंद करतात. सामान्य जमिनीत त्याने नायट्रेटची गळती आणि विनायट्रीकरण कमी होते. पण सामू जास्त असलेल्या जमिनीत अमोनियम अधिक काळ अमोनियमच राहिले तर त्याला उडून जायला अधिक वेळ मिळतो. नायट्रीकरण रोखणाऱ्या द्रव्यांबद्दल हा आक्षेप आंतरराष्ट्रीय आढाव्यांतही घेतला गेला आहे. नव्या चोपण रानात निंबोळीचा युरिया नेमके काय करतो, हा प्रश्न आज व्यवहारातून जवळजवळ अदृश्य झाला आहे, कारण शेतकऱ्याला दुसरा युरिया सहसा मिळत नाही.

युरियाचे विघटनच लांबवणारी एनबीपीटीसारखी द्रव्ये तत्त्वतः या जमिनीला अधिक जुळतात, पण भारतीय शेतात त्यांचा प्रसार कमी आहे. २०२३मध्ये आलेल्या गंधक-लेपित युरियात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. नत्र सावकाश सुटते हा फायदा खरा, पण त्यातल्या गंधकाने जमीन सुधारेल ही अपेक्षा ठेवू नये. ४० किलोंच्या पोत्यात सात किलोंहून कमी गंधक असते आणि चोपण जमिनीला लागणारे जिप्सम टनांत मोजतात.

नॅनो युरिया २०२१मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत चार टक्क्यांप्रमाणे २० ग्रॅम नत्र होते आणि ती एका पोत्याची, म्हणजे वीस किलो नत्राची जागा घेईल असा दावा होता. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत नेहमीच्या नत्राचा काही भाग कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर गव्हाचे उत्पादन घटले. उत्पादकांचे म्हणणे वेगळे आहे. साध्या युरियाच्या दोन-तीन टक्के द्रावणाची पानांवर फवारणी मात्र चोपण जमिनीत मातीला वळसा घालणारा जुना आणि उपयोगी मार्ग आहे, पूरक म्हणून.

पानांच्या रंगाचा तक्ता आणि परावर्तन मोजणारी उपकरणे पंजाबात गव्हासाठी चांगली बसवली गेली आहेत. चोपण रानात त्यांचा अडसर वर आलाच आहे: पिवळेपणाचे कारण नत्र नसले तर तक्ता चुकीचे सांगतो. वाणांबाबत, राजस्थानातल्या खारचिया गव्हाच्या रक्ताचे केआरएल मालिकेतले वाण, केआरएल १-४ पासून केआरएल २१० आणि २१३पर्यंत, क्षार सोसतात. ते कमी नत्रात भागवतात का हे वेगळे तपासावे लागते, कारण मीठ सोसणे आणि नत्र नीट वापरणे हे गुण एकमेकांशी बांधलेले नाहीत.

महाराष्ट्रात हे कितपत लागू

राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदीत महाराष्ट्रात क्षारबाधित जमीन सहा लाख हेक्टरच्या थोडी वर आहे. त्यात चोपण सुमारे सव्वाचार लाख. कृष्णा, नीरा, भीमा, प्रवरा, गोदावरीचे कालवे आणि ऊस यांची ही देणगी. शिवाय अमरावती, अकोला, बुलडाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा, जो कालव्यांनी बिघडलेला नाही, मुळातच तसा आहे.

कर्नालचा १५०चा आकडा इथे सरसकट वापरू नये, असे मला वाटते. तिथली माती पोयट्याची, आपली काळी, चिकण मातीचे प्रमाण मोठे. अशी माती अमोनियम चांगले धरून ठेवते, म्हणून खत मातीआड केले तर अमोनियाची हानी तिथल्यापेक्षा कमी व्हावी. उलट ती फुगते, पाणी अडवते, म्हणून विनायट्रीकरण जास्त व्हावे. आपला हिवाळा ऊबदार. डिसेंबरातही दुपारी तापमान तिशीला टेकते, म्हणजे वर फोकलेल्या युरियाबद्दल कर्नालची थंडी आपल्या उपयोगाची नाही. पीकक्रम वेगळा: इथे गहू भातामागे नाही, सोयाबीन किंवा ऊस मोडून येतो. सोयाबीनमागे थोडे नत्र उरते आणि उसाच्या रानात युरिया आधीच बराच पडलेला असतो.

चोपण म्हणायचे केव्हा, हेही इथे वेगळे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्याच्या अभ्यासातून दाखवले की काळ्या जमिनीत विनिमययोग्य सोडियम पाच टक्क्यांच्या आसपास गेले तरी पाणी मुरणे मंदावते. १५ची रेघ धरली तर अशा जमिनी कागदावर चांगल्या ठरतात आणि गहू मात्र पाण्यानंतर पिवळा पडतो.

सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र क्षारपड जमिनींवर काम करते, आणि कृष्णाकाठी सच्छिद्र पाइपांच्या भूमिगत निचऱ्याने बरीच राने पुन्हा लागवडीस आली. निचरा झाला की पहिल्या पावसाळ्यात मीठ आणि नायट्रेट एकाच वाटेने जातात. अशा शेतात पेरणीच्या हप्त्याआधी मीठ धुण्याचे पाणी देऊन झालेले असावे, नाहीतर खत पाइपातून ओढ्याला लागते.

काय उरले आहे

पहिली गरज वयाच्या हिशेबाची. एकाच गावात सुधारणेनंतरची दोन, आठ आणि वीस वर्षे झालेली राने सापडतात. त्यांत नत्राच्या चार-पाच मात्रांची चाचणी घेतली तर जादा तीस किलो कधी सोडावेत हे कळू शकेल. सामू आणि कर्ब या दोन आकड्यांवर चालणारी सोपी पातळी ठरवता आली तर वर्षेही मोजावी लागणार नाहीत.

दुसरी, एकाच शेतात तिन्ही वाटा मोजण्याची. अमोनिया एका प्रयोगात, नायट्रेट दुसऱ्यात, नायट्रस ऑक्साइड तिसऱ्यात मोजले की एका वाटेची बचत दुसऱ्या वाटेचा तोटा झाली का हे समजत नाही. निंबोळीच्या युरियाबद्दलची शंका याच मार्गाने मिटू शकते.

तिसरी खालच्या थराची. जिप्सम वरच्या १५ सेंटिमीटरला दिले जाते, त्याखाली सोडियम बराच काळ तसेच असते. चांगल्या जमिनीत ४०-५० सेंटिमीटरवर उतरलेले नायट्रेट गव्हाची मुळे पुढे शोधून घेतात. इथे ती तिथवर पोहोचत नाहीत, आणि खाली उतरलेले नत्र या पिकाच्या दृष्टीने संपलेच. खोल मुळांची पिके क्रमात आणून ते वर काढता येईल का, याची माहिती थोडी आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत अस्वस्थ करणारी. सुधारलेली जमीन पुन्हा चोपण होऊ शकते. विहिरीच्या पाण्यात उर्वरित सोडियम कार्बोनेटचे प्रमाण लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर जिप्समशिवाय दिलेले प्रत्येक पाणी सामू परत वर नेते. हरियाणा-पंजाबच्या काही भागांत भूजल खोल गेल्यावर असेच पाणी उपसले जात आहे. अशा रानात वय मोजून नत्र कमी करायला निघालेला शेतकरी फसेल, कारण त्याची जमीन कागदावर वीस वर्षांची आणि प्रत्यक्षात पुन्हा पाचव्या वर्षाकडे निघालेली असेल. तिथे पाण्याची तपासणी आणि जिप्सम आधी, युरियाचा हिशेब नंतर, हा क्रम मात्र जादा मात्रेवाले आणि कमी मात्रेवाले दोघेही मान्य करतात.